एक बाटली, एक बूच आणि जहाजाचा हिशेब

मायामीच्या बंदरात क्रूझवर चढणाऱ्यांची रांग सरकत असते. मधेच एखादी पिशवी क्ष-किरण यंत्रात अडते, कर्मचारी ती उघडायला लावतो आणि मोज्यांत गुंडाळलेली वाइनची बाटली बाहेर निघते. बाटलीवाल्याचा चेहरा रंगेहाथ पकडल्यासारखा होतो. खरं तर गुन्हा घडलेलाच नसतो. अमेरिकेतल्या बऱ्याच मोठ्या क्रूझ कंपन्या प्रौढ प्रवाशाला पहिल्या दिवशी वाइनची एक बाटली बरोबर आणू देतात. ती हातातल्या पिशवीतून उघडपणे न्यावी, एवढीच अपेक्षा असते. चाकांची मोठी बॅग हमालांकडे गेली की ती केबिनपर्यंत कशी आपटत येईल याचा भरवसा नाही, त्यामुळे बाटली तिच्यात ठेवू नये हे बाटलीच्याही हिताचंच.

मुलगी न्यू जर्सीला किंवा मुलगा सिअॅटलला असलेल्या आपल्याकडच्या आईबाबांच्या अमेरिकावारीत अलास्काची किंवा बहामाची क्रूझ आता ठरलेली असते. लग्नाचा चाळिसावा वाढदिवस जहाजावर साजरा करायचा, तर एक बरी बाटली हवी असं कुणाला तरी वाटतंच. तिथून प्रश्न सुरू होतात. किती चालते, कुठे प्यायची, आणि बूच कशाने काढायचं?

कार्निव्हल कंपनीत २१ वर्षांवरच्या प्रत्येकाला ७५० मिलीची एक बाटली नेता येते, वाइनची किंवा शॅम्पेनची. ती केबिनमध्ये उघडली तर खर्च शून्य. जेवणाच्या हॉलमध्ये टेबलावर नेली, तर १५ डॉलर कॉर्केज, म्हणजे बाहेरची बाटली उघडून वाढण्याचं शुल्क. प्रिन्सेसवर पहिली बाटली केबिनमध्ये फुकट, त्यापुढच्या प्रत्येकीला कॉर्केज. डिस्नेवर प्रौढाला दोन बाटल्या, त्याही दर बंदरात नव्याने आणता येतात. मुलाबाळांच्या जहाजावर इतका सैल नियम असावा, ही गंमतच. नॉर्वेजियनवर वाइनच्या बाटल्यांना मर्यादाच नाही, पण प्रत्येकीमागे १५ डॉलर मोजावे लागतात, मग ती तुम्ही बाल्कनीत बसून एकट्याने संपवा. दर बदलत राहतात, म्हणून निघण्यापूर्वी आपल्या कंपनीचा नियम ताजा वाचावा. वयाची अटही पाहावी: अमेरिकेतून सुटणाऱ्या जहाजांवर २१, युरोपातून सुटणाऱ्या बऱ्याच जहाजांवर १८.

व्हिस्की, रम, वोडका मात्र जवळपास कुठेच नेऊ देत नाहीत. का? नैतिकतेशी याचा संबंध नाही, कारण त्याच जहाजावर दहा-पंधरा बार असतात. संबंध आहे तो मिलीलिटरशी. वाइनच्या ७५० मिलीत १५० मिलीचे पाच ग्लास होतात. दोघांनी जेवणाआधी एकेक आणि जेवताना एकेक घेतला की बाटली आटोपत आली, आणि दुसऱ्या संध्याकाळी पावलं बारकडे वळली. तेवढ्याच व्हिस्कीत आपल्या हिशेबाचे ३० मिलीचे पंचवीस पेग निघतात. नवराबायकोला आठवडा पुरेल आणि बारवाल्याची ओळखही होणार नाही. कंपनी पाच ग्लासांवर पाणी सोडते, पंचवीस पेगांवर सोडत नाही.

हा हिशेब किरकोळ नाही. कार्निव्हल समूहाची २०२३ सालची एकूण कमाई सुमारे २१.६ अब्ज डॉलर होती. त्यातले सुमारे साडेसात अब्ज डॉलर तिकिटांबाहेरचे, म्हणजे मुख्यतः जहाजावर केलेल्या खर्चाचे: बार, कॅसिनो, स्पा, किनाऱ्यावरच्या सहली, इंटरनेट. तिकीट स्वस्त दिसतं त्याचं कारण इथे आहे. केबिन भरली की जहाज तरतं, पण नफ्याला आकार येतो तो ग्लासांमुळे. दर ग्लासावर १८ ते २० टक्के सेवाशुल्क वेगळं लागतं, ते मेन्यूवरच्या किमतीत दिसत नाही.

त्यामुळे एका बाटलीची मुभा हे मला औदार्य वाटत नाही, पण फसवणूकही वाटत नाही. ग्राहकाला बरं वाटेल आणि गल्ल्याला धक्का लागणार नाही, अशी ती बेतलेली सवलत आहे. आपण फक्त आकडे मांडून पाहावेत. दुकानात दहा डॉलरला मिळणाऱ्या बाटलीवर १५ डॉलर कॉर्केज भरून ती जेवणाच्या टेबलावर मिरवणं हा शुद्ध वेडेपणा. साठ डॉलरची, आवडीने निवडलेली बाटली असेल तर तोच खर्च पटतो, कारण जहाजाच्या यादीत तशी वाइन दुकानाच्या दुप्पट-तिप्पट भावाने लागलेली असते. आणि केबिनमध्ये कॉर्केज नसेल, तर सरळ बाल्कनीत बसून प्यावी. समुद्राचं कॉर्केज अजून कुणी लावलेलं नाही.

जहाज आणि दारू यांचं हे नातं जुनं आहे, आणि त्यात अमेरिकेच्या दारूबंदीचा मोठा हात आहे. १९२० मध्ये बंदी लागू झाली. १९२२ साली सरकारने ती अमेरिकी झेंड्याच्या जहाजांवर भर समुद्रातही लागू असल्याचं ठरवलं. मग अमेरिकी जहाजावर लिंबूपाणी आणि शेजारून जाणाऱ्या क्युनार्ड कंपनीच्या ब्रिटिश जहाजावर शॅम्पेन, असा देखावा झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९२३ च्या एप्रिलमध्ये निकाल लागला: भर समुद्रातल्या अमेरिकी जहाजांना बंदी लागू नाही, पण अमेरिकेच्या हद्दीच्या पाण्यात परदेशी जहाजानेसुद्धा दारू आणायची नाही, परतीच्या प्रवासासाठी सीलबंद ठेवलेलीही नाही. म्हणजे न्यूयॉर्कला येणाऱ्या ब्रिटिश जहाजाने किनारा जवळ येताच साठा संपवायचा किंवा टाकून द्यायचा. १९२४ मध्ये ब्रिटनशी करार करून सीलबंद साठ्याला परवानगी मिळाली, तेव्हा कुठे हा तमाशा थांबला. पुढे बंदीच्या शेवटच्या वर्षांत तर न्यूयॉर्कहून निघून कुठेच न जाता हद्दीबाहेर घिरट्या घालून परत येणाऱ्या सहली निघाल्या. प्रवासी कशासाठी जात, हे सांगायची गरज कुणालाच वाटली नाही. आजही कॅसिनो आणि करमुक्त दुकानं जहाज बंदराबाहेर पुरेसं लांब गेल्यावरच उघडतात.

आता बूच. कॉर्कस्क्रूचं पहिलं पेटंट १७९५ साली इंग्लंडमध्ये सॅम्युअल हेन्शॉल या पाद्र्याला मिळालं. पण पीळदार लोखंडी सळीची कल्पना त्याहून जुनी आहे. बंदुकीच्या नळीत अडकलेली गोळी किंवा बोळा उपसायला सैनिक तसलंच हत्यार वापरत. वेटरच्या खिशात घडी होऊन बसणारा, एका बाजूला टेकू आणि दुसऱ्या बाजूला छोटं पातं असलेला कॉर्कस्क्रू १८८२ मध्ये जर्मनीतल्या रोस्टॉक शहरात कार्ल वीन्के याने पेटंट केला. रोस्टॉक बाल्टिक समुद्रावरचं बंदर आहे आणि आज आयडा क्रूझ कंपनीचं मुख्यालय तिथेच आहे. वीन्केला त्याची कल्पना असण्याचं कारण नव्हतं.

प्रवासात अडचण करतं ते नेमकं हे छोटं पातं. अमेरिकी विमानतळांवर पातं नसलेला कॉर्कस्क्रू केबिनच्या बॅगेत चालतो, पातं असलेला चालत नाही. मुंबईहून निघताना वाद नको असेल, तर कसलाही कॉर्कस्क्रू चेक-इन सामानातच टाकावा. बाटलीही तिथेच, कारण १०० मिलीचा नियम तिला सोडत नाही. २४ टक्क्यांहून कमी अल्कोहोलच्या पेयांवर विमान सुरक्षेच्या नियमांत प्रमाणाची मर्यादा नाही आणि वाइन साधारण १२ ते १४ टक्क्यांची असते. पण अमेरिकेच्या कस्टममध्ये करमुक्त सवलत माणशी एकाच लिटरची आहे. ड्यूटी फ्रीमधून घेतलेली बाटली असेल, तर अमेरिकेत उतरल्यावर पुढच्या देशांतर्गत विमानाआधी ती चेक-इन बॅगेत सरकवावी, नाहीतर सुरक्षा तपासणीत ती तिथेच राहू शकते.

कॉर्कस्क्रू विसरलात तर बाटली बुटात ठेवून भिंतीवर आपटून बूच काढायचे चित्रफितीतले प्रयोग करू नका. जहाजाच्या केबिनच्या भिंती पातळ असतात आणि पलीकडे कुणीतरी झोपलेलं असतं. केबिन आवरणाऱ्या कर्मचाऱ्याला सांगितलं की ओपनर येतो. गोव्यातल्या आणि कोकणातल्या कितीतरी घरांचा संसार क्रूझ जहाजांवरच्या नोकरीवर चालतो, त्यामुळे बूच कोकणीत किंवा मराठीत गप्पा मारतच निघण्याची शक्यता बरीच. टीप द्यायला मात्र विसरू नये.

याहून सोपा उपाय नाशिकने आधीच दिला आहे. तिथल्या बऱ्याच रोजच्या वाइनना आता फिरकीचं झाकण असतं. ऑस्ट्रेलियात क्लेअर व्हॅलीच्या वाइन उत्पादकांनी २००० साली एकत्र येऊन बुचाला रजा दिली, त्यानंतर ही झाकणं कमी दर्जाची खूण राहिली नाहीत. कॉर्केज मात्र या बाटलीवरही भरावंच लागतं.

अतिशहाण्यांची जमात वेगळी. माउथवॉशच्या बाटलीत खाद्यरंग घातलेली वोडका, शॅम्पूच्या पाऊचसारखी दिसणारी प्लास्टिकची पाकिटं, पाण्याच्या सीलबंद भासणाऱ्या बाटल्या. या युक्त्या इतक्या वाढल्या की २०१५ मध्ये कार्निव्हलने प्रवाशांनी आणलेल्या साध्या पाण्याच्या बाटल्यांवरही बंदी घातली. आता फक्त डबाबंद पेयं, तीही मोजून. पकडलेली बॅग केबिनमध्ये येत नाही, ती घ्यायला एका खोलीशी रांग लावावी लागते आणि आपल्यासारखेच आणखी अनेक चतुर तिथे भेटतात. मधल्या बंदरात घेतलेली रम जप्त होत नाही, पण जहाजावर ठेवून घेतात आणि प्रवासाच्या अखेरीस परत देतात. भारतात परतताना प्रौढाला दोन लिटरपर्यंत मद्य करमुक्त आणता येतं, तेव्हा तो हिशेब लक्षात ठेवून बाटल्या मोजाव्यात.

आणि मुंबईहून सुटणाऱ्या जहाजांना मायामीचा नियम लावू नका. इथे बाहेरच्या बाटलीबाबत कंपनीच्या स्वतःच्या अटी असतात, शिवाय राज्याचे मद्यविषयक कायदे आहेत. गोव्यातून बाटली घेऊन महाराष्ट्रात परतायचं, तर त्याचेही वेगळे नियम आहेत. नाशिकची बाटली बॅगेत टाकण्याआधी तिकिटाच्या मागच्या बारीक अक्षरांसाठी पाच मिनिटं काढावीत.