प्रोसेसरचा वेग आणि खानदेशचा मे महिना

जानेवारीत धुळ्याहून भाच्याचा फोन आला. "मामू, प्रोसेसर साडेचारवर नेला! काहीसुद्धा झालं नाही." आवाजात ईदी मिळाल्याची खुशी होती. हा मुलगा लग्नांच्या व्हिडिओंचे एडिटिंग करतो. त्याच्या अब्बांनी लूमच्या कमाईतून थोडेथोडे बाजूला टाकून हा कॉम्प्युटर घेऊन दिला आहे आणि धाकट्या बहिणीचा अभ्यासही त्याच्यावरच चालतो. एप्रिलच्या शेवटी पुन्हा फोन आला, पण आवाज वेगळा. "मामू, कॉम्प्युटर मधेच बंद होतो. दोन लग्नांचं काम अडकलंय, लोक दारात येतात." मी जळगावहून पारोळ्याची बस धरली आणि धुळे गाठले.

त्याने केले होते ते ओव्हरक्लॉकिंग. प्रोसेसर ठरावीक ठेक्यावर काम करतो. मदरबोर्ड त्याला साधारण 100 मेगाहर्ट्झचा मूळ ठेका देतो, प्रोसेसर त्याला एका आकड्याने गुणतो. 42 ने गुणले की 4200 मेगाहर्ट्झ, म्हणजे 4.2 गिगाहर्ट्झ. हा गुणक बायोसमध्ये जाऊन वाढवला की ओव्हरक्लॉकिंग झाले. मेहुण्यांना मी सांगितले, "मोटरची पुली मोठी बसवण्यासारखं आहे." ते लगेच म्हणाले, "मग धागा तुटणारच." ज्याने आयुष्यभर लूम चालवले त्याला पुढचे समजावण्याची गरज पडली नाही. वेग वाढतो, पण तो सोसण्याची ताकद सुताची आणि हवेची. कोरड्या उन्हाळ्यात धागा जास्त तुटतो, हे धुळ्यात कोणाला सांगावे लागत नाही.

हा शौक नवा नाही. 1998 साली इंटेलचा सेलेरॉन 300ए हा स्वस्तातला प्रोसेसर आला. त्याचा गुणक साडेचारला बांधलेला होता, पण मूळ ठेका 66 वरून 100 वर नेला की 300 चा प्रोसेसर 450 वर धावायचा. दीडपट वेग, तोही फुकट! त्या एका प्रोसेसरने जगभरच्या मुलांना हा नाद लावला. तो जमाना आता गेला. 2004 मध्ये इंटेलने 4 गिगाहर्ट्झचा पेंटियम 4 आणण्याचा बेत सोडला. चिप बनत होती, पण तिची उष्णता आवरत नव्हती. आजचे प्रोसेसर स्वतःच तापमान पाहून वेग वरखाली करतात, म्हणजे कंपनीनेच बरीचशी साय आधी काढून घेतलेली असते. 2022 च्या डिसेंबरात एका प्रोसेसरने 9 गिगाहर्ट्झ ओलांडले खरे, पण त्यासाठी उणे तापमानाला नेणारे द्रव पदार्थ चिपवर ओतावे लागतात. आपल्याकडे गुरांच्या कृत्रिम रेतनासाठी डॉक्टर ज्या टाकीत द्रव नायट्रोजन आणतात, ओव्हरक्लॉकर लोकांचा आवडता पदार्थ तोच, उणे 196 अंशांचा. घरात करायचे काम नव्हे.

धुळ्याला पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. कॉम्प्युटर वरच्या पत्र्याच्या खोलीत. भिंतीवरचा थर्मामीटर 40 दाखवत होता. मी भाच्याला विचारले, "जानेवारीत पूर्ण लोडवर तापमान किती होतं?" त्याने मोबाइलमधला फोटो काढून दाखवला: 72 अंश. "आणि खोली?" "22 असेल मामू."

सगळा हिशोब इथेच आहे. पंख्याने थंड होणारा प्रोसेसर खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही. तो खोलीच्या वर काही ठरावीक अंश चढतो. 72 मधून 22 वजा केले की चढण 50 ची. खोली 40 झाली की तोच वेग, तोच पंखा, आणि तापमान 90. बहुतेक प्रोसेसर मॉडेलप्रमाणे साधारण 90 ते 100 अंशांना स्वतःचा वेग कमी करू लागतात. त्याआधीच, जास्त ताणलेला प्रोसेसर तापला की चुका करू लागतो. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 ला टेकतो. बंगळूरच्या मुलाने व्हिडिओत दाखवलेले आकडे आपल्याकडे जसेच्या तसे उचलणे म्हणूनच धोक्याचे.

भाच्याने नेमके तेच केले होते. व्होल्टेज 1.4 घातले होते, कारण व्हिडिओत तसे होते. उष्णता वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. 1.25 चे 1.4 केले तर वेग तोच ठेवूनही उष्णता साधारण 25 टक्के वाढते. शिवाय एकाच मॉडेलच्या दोन चिपा सारख्या नसतात. एकीला जे पचते ते दुसरीला पचत नाही. जादा व्होल्टेजने चिप हळूहळू कायमची कमजोरही होते. 2024 मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या काही प्रोसेसरना, ओव्हरक्लॉक न करताही, जास्त व्होल्टेजमुळे हा त्रास झाला आणि कंपनीला वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. तुम्ही स्वतः ओव्हरक्लॉक करून बिघाड केला, तर मात्र वॉरंटीची आशा सोडा.

सर्वात आधी मी त्याच्या आणि बहिणीच्या फायली बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतल्या. कॉम्प्युटर बंद पडणे परवडले, पण अस्थिर प्रोसेसर गुपचूप चुकीचे लिहितो आणि फाइल उघडायला जावे तर खराब. मग बायोसच्या सेटिंग मूळ केल्या आणि कॅबिनेट उघडले. हीटसिंकच्या पट्ट्यांमध्ये कापसाच्या तंतूंची गादी बसली होती. खाली लूम, वर कॉम्प्युटर, दुसरे काय होणार! पंखा बोटाने धरून ब्रशने साफ केला, जुनी वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली. पाण्याचा कूलर थेट कॅबिनेटवर सोडला होता, तो वळवला. खोली गार करावी, पण ओलसर वारा बोर्डावर नको.

मग भाच्याला म्हणालो, "आता कर तुझा शौक, पण माझ्यासमोर." गुणक एकाने वाढवायचा, म्हणजे 100 मेगाहर्ट्झ. व्होल्टेजला हात नाही. सिनेबेंच अर्धा तास चालवायचे, शेजारी तापमान उघडे ठेवायचे. जमले तर पुढचा एक. अडखळला तर एक पाऊल मागे. मे महिन्यात 85 च्या वर जाऊ द्यायचे नाही, ही माझी स्वतःची मर्यादा, कंपनीची नव्हे. हिवाळ्यात हे करत असाल तर किमान 15-18 अंशांची जागा सोडा. स्क्रीन काळी पडली तर घाबरू नये: वायर काढून बोर्डावरचा गोल सेल काही मिनिटे बाहेर ठेवला की सेटिंग मूळ होतात. आणि सगळ्यांनाच हे करता येत नाही. इंटेलमध्ये नावाच्या शेवटी 'के' असलेला प्रोसेसर आणि झेड मालिकेचा बोर्ड लागतो. एएमडीचे बहुतेक रायझन मोकळे असतात, पण ए320 सारख्या स्वस्त बोर्डावर ही सोय नसते. घेतानाच विचारा.

असरपर्यंत आमचा प्रोसेसर 4.3 वर, कमी व्होल्टेजवर, 82 अंशांना स्थिरावला. भाचा थोडा हिरमुसला. मी कागद काढला. 4.5 आणि 4.3 मध्ये फरक साडेचार टक्क्यांच्या आसपास. तासाभराच्या एक्स्पोर्टला तीन मिनिटे जास्त. "या तीन मिनिटांसाठी दोन लग्नं अडकली होती?" त्याची बहीण हसली, तो नाही. जुन्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी टाकली असती तर याहून कितीतरी फरक पडला असता, हेही सांगून ठेवले.

रात्री लाइट गेली आणि यूपीएस बोंबलू लागला, तेव्हा दोघे भावंडे जिन्यात बसून बायोसच्या प्रोफाइलला नावे काय द्यायची यावर भांडत होती. आता एक 'हिवाळा' आहे, एक 'मे'. कुठली कधी लावायची, ते बहिणीने कॅबिनेटवर चिकटपट्टी लावून लिहिले आहे.