डोंगल लावताच संगणक हँग होतो? फॉरमॅट करण्यापूर्वी हे वाचा

ठाणे, मुंब्रा-कौसा, कल्याण आणि भिवंडीच्या पट्ट्यात कापडाचा धंदा करणाऱ्या व्यापारी बंधूंचा हिशेब आता लाल वहीतून संगणकात गेला आहे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला. १ एप्रिल २०१८ पासून परराज्यात जाणाऱ्या मालाला ई-वे बिल सक्तीचे झाले. तेव्हापासून इंटरनेट ही दुकानाची रोजची गरज झाली आहे. ज्या गाळ्यात केबलची लाइन येत नाही, किंवा आली तरी रस्ता खोदताना वरचेवर तुटते, तेथे यूएसबीत खोचायचे मोबाईल मोडेम, म्हणजे डोंगल, हाच आधार असतो.

दुसरी गोष्ट अशी की, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा सेवा बंद झाली. जुने अनेक संगणक विंडोज ११ ला पात्र ठरत नाहीत. नवा संगणक घ्यायचा तर खर्च मोठा, आणि चोरीची विंडोज बसविणे कायद्याला व दीनला दोन्हींना मान्य नाही. अशा वेळी काही बंधूंनी जुन्याच यंत्रावर लिनक्स बसविले. ते मोफत मिळते, त्याची नक्कल करणे व वाटणे रीतसर आहे, आणि जीएसटीचे पोर्टल ब्राऊझरमध्ये उघडत असल्याने ते काम त्यावर होते.

मात्र यातील काहींची एकच तक्रार आमच्या कानावर येते. डोंगल लावले की थोड्या वेळाने संगणक जागच्या जागी थांबतो. माऊस हलत नाही, की दाबून उपयोग होत नाही. मग दुरुस्तीवाल्याकडे गेले की तो दोन शब्दांत निकाल देतो, ‘फॉरमॅट करा.’ फॉरमॅट झाले की वर्षांचा हिशेब पुसला जातो, आणि आठ दिवसांनी तोच डोंगल लावला की संगणक पुन्हा थांबतो. कारण दोष बहुधा वेगळ्याच जागी असतो.

आधी हिशेब वाचवा

संगणक हँग झाला की पुष्कळ लोक सरळ प्लग ओढतात. डिस्कवर लिहिणे चालू असताना वीज गेली तर फाइल खराब होऊ शकते. म्हणून प्रथम कॅप्स लॉकची की दाबून पाहा. तिचा दिवा लागत-विझत असेल तर यंत्र आतून जिवंत आहे, फक्त पडदा अडकला आहे. अशा वेळी कंट्रोल, आल्ट आणि एफ-३ एकत्र दाबल्यास काळा पडदा येतो. तेथून संगणक रीतसर बंद करता येतो.

दिवाही हलत नसेल तर आल्ट आणि प्रिंट स्क्रीन या दोन कीज धरून ठेवाव्यात, आणि सावकाश, दोन-दोन सेकंदांनी, इंग्रजी एस, यू, बी ही अक्षरे दाबावीत. एसने राहिलेला मजकूर डिस्कवर उतरतो, यूने डिस्कवर पुढे लिहिणे बंद होते, बीने संगणक पुन्हा सुरू होतो. उबुंटू आणि मिंट या प्रचलित लिनक्समध्ये या तीन अक्षरांना मुभा दिलेली असते. ही तीन अक्षरे कागदावर लिहून संगणकाला चिकटवून ठेवावीत.

पहिला संशय विजेवर

यूएसबी २.० च्या भोकातून नियमाने ५०० मिलिअँपिअर एवढाच प्रवाह मिळतो. ३.० च्या भोकातून ९०० मिळतो. डोंगल हा एक छोटा मोबाईलच आहे. टॉवर लांब असला की त्याला मोठ्याने ‘बोलावे’ लागते, आणि तेव्हा तो जास्त वीज ओढतो. पत्र्याच्या छताखाली, चारी बाजूंनी भिंती असलेल्या गाळ्यात नेमके हेच घडते. वीज अपुरी पडली की डोंगल क्षणभर बंद होऊन पुन्हा सुरू होतो. असे वारंवार झाले की लिनक्सला तो जोडू की सोडू हेच उमगत नाही, आणि कधी सारे यंत्र अडकते.

भिवंडीच्या एका यंत्रमागधारकाचा संगणक रोज दुपारी असाच थांबत असे. डोंगल पुढच्या बाजूच्या भोकात होता आणि त्याची आतली वायर लांब व बारीक होती. स्वतःची वीज घेणारा यूएसबी हब आणून तो खिडकीपाशी ठेवला, डोंगल त्यात लावला, आणि तक्रार मिटली. सॉफ्टवेअरला हातही लावावा लागला नाही. हब मिळेपर्यंत निदान मागच्या बाजूचे भोक वापरावे आणि लांब, स्वस्त एक्सटेन्शन वायर टाळावी.

डोंगलची दोन रूपे

अनेक डोंगल लावल्याबरोबर मोडेम म्हणून उभे राहत नाहीत. ते आधी सीडी ड्राइव्हचे सोंग घेतात, कारण विंडोजसाठी लागणारा प्रोग्रॅम त्यांच्याच पोटात ठेवलेला असतो. लिनक्सला तो प्रोग्रॅम नको असतो. म्हणून ‘यूएसबी मोडस्विच’ नावाचे एक लहान साधन डोंगलला सांगते की आता सोंग पुरे, मोडेम हो. हे साधन नसेल किंवा जुने असेल तर डोंगल अर्ध्यावर लटकतो. ते बसविलेले आहे का, हे पाहावे. डोंगलमध्ये मेमरी कार्ड घातलेले असेल तर तपासणीपुरते काढून ठेवावे. खराब कार्ड वाचता वाचताही यंत्र अडकू शकते.

टर्मिनलमध्ये ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा इंग्रजी लहान अक्षरांत दिली की जोडलेल्या वस्तूंची यादी येते. हुआवेच्या डोंगलपुढे १२डी१ आणि झेडटीईच्या डोंगलपुढे १९डी२ हा क्रमांक दिसतो. त्यापुढचा दुसरा क्रमांक थोड्या वेळाने बदलला तर रूपांतर झाले असे समजावे.

एका मोडेमला दोन मुनीम

काही डोंगल कंपन्या लिनक्ससाठी स्वतःचा प्रोग्रॅम देत. लिनक्समध्ये ‘मोडेम मॅनेजर’ आधीच असतो. दोघेही एकाच मोडेमला एकाच वेळी हुकूम देऊ लागले की गोंधळ होतो. एका गल्ल्यावर दोन मुनीम बसवले तर रोकड जुळत नाही, तसेच हे आहे. यांपैकी एकच ठेवावा, आणि आमच्या तजुर्ब्यात लिनक्सचा स्वतःचा ठेवलेला बरा.

लॅपटॉप असेल तर आणखी एक तपासावे. वीज वाचविण्यासाठी लिनक्स यूएसबीला झोपवते, आणि काही डोंगल त्या झोपेतून उठत नाहीत. ‘टीएलपी’ नावाचा वीज-बचतीचा प्रोग्रॅम असेल तर त्यात यूएसबीची झोप बंद करण्याची सोय आहे.

नोंद पाहा, अंदाज करू नका

लिनक्स स्वतःची रोजनिशी लिहीत असते. संगणक पुन्हा सुरू झाल्यावर ‘जर्नलसीटीएल’ ही आज्ञा, तिच्यापुढे डॅश के, डॅश बी आणि डॅश १ लिहून दिली, की मागच्या वेळची नोंद दिसते. शेवटच्या ओळींत ‘ओव्हर-करंट’ किंवा पुन्हा पुन्हा ‘डिसकनेक्ट’ आणि ‘रीसेट’ असेल तर वीज व वायर पाहावी. ‘एरर’पुढे उणे ७१ असेल तर बोलणे मध्येच तुटले, उणे ११० असेल तर डोंगलने वेळेत उत्तर दिले नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा मुख्य नियम आहे. भोक, हब आणि प्रोग्रॅम एकदम बदलले तर गुण कशाने आला ते कळत नाही. शेवटी पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून तोच डोंगल लावून पाहावा. तेथे नीट चालला तर यंत्र आणि डोंगल दोन्ही बहुधा ठीक आहेत, बसविलेल्या लिनक्सची मांडणी चुकली आहे. तेथेही हँग झाला तर डोंगल दुसऱ्या संगणकाला लावून पाहावा.

जुन्या डोंगलवर पैसा घालू नका

रिलायन्स कम्युनिकेशन्सची मोबाईल सेवा २०१७ च्या अखेरीस बंद झाली. टाटाचा मोबाईल व्यवसाय १ जुलै २०१९ रोजी एअरटेलमध्ये गेला. २०१६ साली आलेल्या जिओवर थ्रीजी कधीच नव्हते. त्यामुळे कपाटात पडलेला नेटकनेक्ट, फोटॉन किंवा केवळ थ्रीजीचा डोंगल दुरुस्त करण्यात अर्थ नाही. नवा घ्यायचा तर फोरजीचा आणि वायफाय देणारा घ्यावा. तो मोबाईलच्या चार्जरला लावला की संगणकाच्या यूएसबीशी त्याचा संबंधच उरत नाही. अडीअडचणीला मोबाईलचा हॉटस्पॉट आहेच.

हे कशासाठी?

जीएसटीआर-३बी मासिक भरणाऱ्यांना २० तारीख चुकली की रोज ५० रुपये उशिराचे शुल्क आणि थकलेल्या करावर १८ टक्के व्याज लागते. आवश्यक ई-वे बिलाशिवाय गाडी पकडली गेली तर कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो. कायद्याने हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावा लागतो. आणि आम्हा मुसलमानांसाठी लिहिलेला व्यवहार ही त्याहून मोठी बाब आहे. कुरआनातील सर्वांत लांब आयत, सूरह बकरातील २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयीच आहे. कारागिराची मजुरी आणि दलालाची बाकी ज्यात आहे, तो हिशेब दुसऱ्याची अमानत आहे.

म्हणून दर जुम्याला नमाजपूर्वी हिशेबाची एक नक्कल पेनड्राइव्हवर काढून दुकानाबाहेर ठेवण्याची सवय लावावी. घरात कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी असेल तर पवईच्या आयआयटी मुंबईचे ‘स्पोकन ट्युटोरियल’ त्यांना दाखवावे. लिनक्सचे धडे तेथे मराठीतही मोफत आहेत. दुरुस्तीवाल्याकडे जरूर जावे, पण ही नक्कल हाती आल्यावर, आणि वरील तपासणीचा कागद सोबत घेऊन. मग तो फॉरमॅट म्हणाला तर ‘का?’ असे विचारण्याची ताकद आपल्याकडे असेल.