नौकेची लाकडी प्रतिकृती : आराखडा आणि हात

आराखडा पूर्ण असला आणि सुटे भाग अचूक कापलेले असले, म्हणजे जोडणाऱ्याच्या हाताला फारसे काही ठरवावे लागत नाही, असे सामान्यतः मानले जाते. हे मत कितपत ग्राह्य आहे, हे पाहण्यास शिडाच्या जहाजाची लाकडी प्रतिकृती हे सोयीचे उदाहरण होय. अशा प्रतिकृतींचे भाग तयार संचांच्या रूपाने मिळतात. प्रस्तुत लेखात त्यांच्या बांधणीची रीत सांगून तिच्यावरून निघणाऱ्या एका प्रश्नाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधावयाचे आहे.

संचात प्लायवुडचा एक उभा कणा असतो. त्याला ठरावीक अंतरावर खाचा असतात, आणि प्रत्येक खाचेत एक आडवी पाटी बसते. ही पाटी म्हणजे त्या जागी जहाज आडवे कापले असता दिसणारा आकार. यांखेरीज लाकडाच्या लांब पट्ट्या, डोलकाठ्या व परबाणे यांसाठी गोल काठ्या आणि दोऱ्या असतात. १५० फूट लांबीचे जहाज १:६४ या प्रमाणात सुमारे ७१ सेंटिमीटर होते.

पाट्या खाचांत बसविल्या की सांगाडा उभा राहतो. परंतु आराखड्याने जहाजाचा आकार केवळ त्या दहापंधरा जागीच सांगितलेला असतो. दोन पाट्यांच्या मध्ये काय आहे, हे तो सांगत नाही. शिवाय पाट्यांच्या कडा सरळ कापलेल्या असतात, आणि नाळेकडे, म्हणजे पुढील टोकाकडे, पट्टी तिरकी वळते. त्यामुळे ती कडेच्या केवळ धारेवर टेकते. म्हणून कानस आणि काचकागद यांनी प्रत्येक कड उतरती करावी लागते. एक पट्टी तीनचार पाट्यांवरून वाकवून धरावी. ती कोठे उचलली गेली नाही व कोठे अधांतरी राहिली नाही, म्हणजे कड साधली असे समजावे. किती लाकूड काढावयाचे, याचा आकडा आराखड्यात नसतो.

पट्ट्या लावतानाही हाच अनुभव येतो. जहाजाचा घेर मध्यभागी मोठा आणि नाळेपाशी लहान असतो. मध्यभागी एका बाजूचा घेर १०० मिलिमीटर आणि पट्ट्या २० धरल्या, तर प्रत्येकीची रुंदी ५ मिलिमीटर होते. तोच घेर नाळेपाशी ६० मिलिमीटर असला, तर तेथे ती ३ मिलिमीटर हवी. पट्टी निमुळती केली नाही तर ती शेजारच्या पट्टीवर चढते. पिछाडीला याच्या उलट जागा उरते व तेथे पाचरीसारखे तुकडे भरावे लागतात. पट्ट्या दोन्ही बाजूंना आळीपाळीने लावाव्या लागतात. एरवी कणा पिळवटतो. या पहिल्या थरावर अक्रोडाच्या पातळ पट्ट्यांचा दुसरा थर चढतो. त्याने खालच्या फटी झाकतात, पण उंचवटे झाकत नाहीत.

खऱ्या जहाजबांधणीतही आराखडा आणि हात यांचा हाच संबंध होता. ‘त्रिंकोमाली’ ही ब्रिटिश आरमाराची युद्धनौका मुंबईच्या गोदीत मलबारच्या सागवानातून जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली बांधली गेली. तिचे नकाशे घेऊन येणारे ‘जावा’ हे जहाज डिसेंबर १८१२ मध्ये अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने जिंकले, आणि नकाशे गेले. नवे नकाशे मागवून बांधणी १८१६ मध्ये सुरू झाली व १२ ऑक्टोबर १८१७ रोजी नौका पाण्यात उतरली. आराखड्यावाचून काम अडले, हे यावरून दिसते. परंतु ज्या वर्गातील ही नौका, त्याच वर्गातील ‘युनिकॉर्न’ १८२४ मध्ये इंग्लंडात चॅटम येथे पाण्यात उतरली, आणि तिच्या अंतर्भागात लोखंडी आधारांचा उपयोग केलेला आहे. वर्ग एक असूनही लाकूड, जोडणी आणि कारागिरी वेगळी ठरली. आज पहिली हार्टलपूल येथे व दुसरी डंडी येथे पाहावयास मिळते.

भाषेच्या अभ्यासकास याचे महत्त्व परिभाषेच्या संदर्भात आहे. शीड, डोलकाठी, परबाण, सुकाणू, नाळ हे शब्द मराठी कोशांत आहेत, कारण ते जहाजाच्या दृश्य भागांचे आहेत. कड उतरती करणे, पट्टी निमुळती करणे, पाचर भरणे या क्रियांना वर साध्या वर्णनावर भागवावे लागले. त्यांचे नेमके शब्द किनाऱ्यावरील होड्या बांधणाऱ्या सुतारांच्या तोंडून मिळवावयास हवेत. संस्कृत धातूंवरून नवे शब्द पाडणे हा त्यास पर्याय नव्हे. त्यासाठी वस्तूंची यादी हाती घेऊन ‘याला काय म्हणतात’ असे विचारणे पुरेसे नाही. वस्तूचे नाव यादीवरून मिळते. क्रियेचे नाव काम चालू असतानाच मिळते.

कोकण किनाऱ्यावर लाकडी होड्यांची जागा फायबरच्या होड्या घेत आहेत. साच्यात घडविलेल्या होडीला कड उतरवावी लागत नाही आणि पाचरही भरावी लागत नाही. तेव्हा काम थांबेल तसे ते शब्दही थांबतील. प्रबंधासाठी विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्यांनी या क्षेत्राचा विचार करावा. तेथे जाण्यापूर्वी एक लहानशी प्रतिकृती स्वतः बांधून पाहिली, तर सुताराला काय विचारावयाचे, हे तरी निश्चित कळेल.