एम३चा कच्चा दुवा

२००० ते २००६ या काळात बनलेल्या बीएमडब्ल्यू ई४६ एम३ चं ३.२ लिटरचं इंजिन अजूनही वाखाणलं जातं. युरोपीय मॉडेलमध्ये ३४३ अश्वशक्ती, ३६५ न्यूटन-मीटर टॉर्क. दुखणं आहे ते मागच्या बाजूला, पत्र्यात.

डिफरन्शियल आणि मागचं सस्पेन्शन पेलणारी सबफ्रेम चार ठिकाणी गाडीच्या तळाच्या पत्र्याला बोल्टने बसवलेली असते. ॲक्सिलरेटर दाबला की सबफ्रेम एकीकडे पिळवटते, सोडला की उलट. तार पुढे-मागे वाकवत राहावी तसा पत्रा थकतो. आधी स्पॉट वेल्ड सुटतात, मग बोल्टच्या जागेभोवती तडे जातात. ताकद हेच एकमेव कारण मानू नये, कारण याच ई४६ मालिकेतल्या, कमी ताकदीच्या साध्या ३१८ मध्येही हे तडे सापडले आहेत. मूळ आखणीच तोकडी होती, असंच म्हणावं लागतं.

क्लच सोडताना मागून येणारा ‘ठक्’ आवाज ही एक खूण. पण तो बुश झिजल्यानेही येतो, आणि तडे गंजरोधक लेपाखाली दडतात. म्हणून जुनी एम३ घेणाऱ्याने सबफ्रेम उतरवून, लेप खरवडूनच तपासणी करावी. खर्चिक आहे, पण नंतरच्या दुरुस्तीपेक्षा स्वस्त.

कंपनीने पोकळीत स्ट्रक्चरल फोम भरण्याचा उपाय वापरला. खात्रीचा मार्ग वेगळा: तडे वेल्ड करून खालून जाड पोलादी प्लेटा जोडायच्या आणि वरून, डिकीच्या बाजूनेही आधार द्यायचा. फोम आधीच भरलेला असेल, तर वेल्डिंगच्या उष्णतेने तो जळतो आणि काम अवघड होतं.