उपचाराआधीचा उपचार : आपल्या वस्तीचा रस्ता

वार्षिक अहवालात शस्त्रक्रियांची संख्या, नवी यंत्रसामग्री आणि जमाखर्च यांना ठरलेले स्थान असते. ती माहिती आपणांस या अहवालात अन्यत्र मिळेलच. या पानांवर मात्र आम्ही अशा एका विषयाचे विवेचन करीत आहोत, ज्याचा आरंभ रुग्णालयाच्या भिंतींबाहेर होतो आणि शेवट पुष्कळदा आमच्या अपघात विभागात होतो. तो विषय म्हणजे आपल्या घरासमोरचा रस्ता.

रस्ते अपघातांत २०२२ या एका वर्षात आपल्या देशात १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, असे केंद्र शासनाचा अहवाल सांगतो. त्यांत ३२ हजारांहून अधिक पादचारी होते. हे सारे मृत्यू महामार्गांवरच घडले, असा समज कोणी करून घेऊ नये. शाळेच्या फाटकासमोर, दूध केंद्राच्या वळणावर, मंदिराच्या चौकात, म्हणजे जिथे आपण सावध राहण्याची गरजच मानीत नाही अशा ठिकाणीही माणसे जायबंदी होतात.

एका गतिरोधकाची हकिगत

आमच्या परिसरातील एका वस्तीत रस्ता ओलांडणाऱ्या शाळकरी मुलाला मोटारीची धडक बसली. त्याच्या मांडीचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली आणि यथावकाश तो चालू लागला. परंतु त्याच रात्री संतप्त रहिवाशांनी राडारोडा व सिमेंट आणून रस्त्यावर एक उंचवटा बांधला. हेतू निर्मळ होता, श्रम स्वतःचे होते आणि खर्च वर्गणीतून झाला होता.

थोड्याच दिवसांनी, दिवेलागणीच्या सुमारास, स्कूटरवर मागे बसलेली एक महिला त्याच उंचवट्यावरून उसळून पडली. डोक्याला मार लागलेल्या अवस्थेत तिला आमच्याकडे आणणारे हात त्याच वस्तीतील होते. प्रतीक्षाकक्षात त्यांपैकी एका ज्येष्ठ गृहस्थांनी आमच्या डॉक्टरांना विचारले, “आम्ही चांगलेच करायला गेलो होतो ना?” ती महिला काही आठवड्यांनी घरी परतली. तो प्रश्न मात्र आमच्याजवळ राहिला. प्रस्तुत लेख हे त्याचेच उत्तर देण्याचा प्रयत्न आहे.

वेगाचे गणित

ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे ८ मीटर अंतर कापते. ताशी ५० किलोमीटर वेगाचे वाहन सुमारे १४ मीटर. समोर मूल आल्याचे चालकाच्या लक्षात येऊन त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर पहिले वाहन एकूण १३ मीटरांच्या आसपास थांबते. दुसऱ्या वाहनाचा ब्रेक तेवढ्या अंतरात लागलेलाही नसतो. म्हणजे जिथे पहिला चालक थांबलेला असतो, तिथे दुसरा पूर्ण वेगाने आदळतो. शिवाय आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ती सुमारे पावणेतीन पट असते. खरचटणे आणि कवटीचा अस्थिभंग यांतील अंतर कित्येकदा एवढेच असते. म्हणूनच मुले, वृद्ध व वाहने एकत्र वावरतात अशा रस्त्यांवर ताशी ३० किलोमीटरची मर्यादा असावी, असा आग्रह जागतिक आरोग्य संघटना धरते.

वेग कमी करणे आवश्यकच आहे, परंतु तो कसा कमी करावा याचे शास्त्र आहे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांतील नमुनेदार गोलाकार गतिरोधक सुमारे ३.७ मीटर रुंद आणि केवळ १० सेंटिमीटर उंच असतो. त्यावर रंगाचे पट्टे असतात आणि त्याच्या अलीकडे सूचनाफलक असतो. असा गतिरोधक वाहनाला सावकाश वर चढवून खाली उतरवतो. याउलट अरुंद, उंच आणि न रंगवलेला उंचवटा अंधारात दिसत नाही, दुचाकीला उसळवतो आणि रुग्णवाहिकेतील मणक्याच्या रुग्णाला यातना देतो. तो परवानगीवाचून बांधणे नियमबाह्य तर आहेच. त्याहीपेक्षा तो नवा अपघात निर्माण करतो, ही गोष्ट आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते.

सामान्य माणसांनी काय साधले

यावरून रहिवाशांनी काहीच करू नये, असा निष्कर्ष कृपया काढू नये. नेदरलँड्समध्ये १९७१ साली तीन हजारांहून अधिक लोक रस्त्यांवर दगावले. त्यांत चारशेहून अधिक बालके होती. अपघातात आपली मुलगी गमावलेल्या एका पत्रकाराच्या १९७२ सालच्या लेखातून ‘बालहत्या थांबवा’ या नावाची चळवळ उभी राहिली. पालकांनी रस्ते अडवले आणि मुलांसाठी खेळाच्या गल्ल्या मागितल्या. त्याच सुमारास डेल्फ्ट शहरात झाडे, बाके व वळणे यांच्या मांडणीने वाहनांना माणसाच्या चालीने जायला लावणारे निवासी रस्ते आकारास आले आणि १९७६ साली त्यांना कायद्याची मान्यता मिळाली. अलीकडच्या वर्षांत तेथील वार्षिक मृत्यूंची संख्या सातशेच्या आसपास असते. या घटीचे श्रेय अनेक उपायांना आहे. परंतु त्यांची मागणी प्रथम दारोदारी झाली.

आपल्याकडे मुंबईतील भाजीविक्रेते श्री. दादाराव बिल्होरे यांचा किशोरवयीन मुलगा जुलै २०१५ मध्ये जोगेश्वरी–विक्रोळी जोडरस्त्यावरील खड्ड्यामुळे झालेल्या अपघातात गेला. त्यानंतर त्यांनी स्वहस्ते शेकडो खड्डे बुजवले. पुत्रशोकाचे असे रूप पाहून मान लवते; आणि हे काम एका पित्याला करावे लागते याची लाजही वाटते.

वस्तीला काय करता येईल

आमच्या अनुभवातून व तज्ज्ञांशी झालेल्या चर्चेतून काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, निरीक्षण. कोणत्या वळणावर, कोणत्या वेळी गाड्या करकचून थांबतात याची आठवडाभर नोंद ठेवावी. ‘रस्ता धोकादायक आहे’ या अर्जापेक्षा तारीख, वेळ व छायाचित्र असलेल्या अर्जाला उत्तर देणे प्रभाग कार्यालयाला भाग पडते.

दुसरी, दृष्टी मोकळी करणे. कोपऱ्यावर उभी केलेली वाहने, दिव्याला झाकणाऱ्या फांद्या, वेडावाकडा लावलेला फलक यांमुळे चालकाला मूल दिसत नाही आणि मुलाला वाहन दिसत नाही. कोपऱ्यावर वाहन उभे न करण्याचे एकमेकांना दिलेले वचन फुकट असते. फांद्यांची छाटणी आणि बंद दिव्यांची दुरुस्ती मात्र पालिकेकडूनच करून घ्यावी.

तिसरी, सोबत. शाळेच्या वेळी दोन ज्येष्ठ नागरिक चकाकणारे जाकीट घालून उभे राहिले आणि मुले घोळक्याने चालली, तर चालक आपोआप सावध होतो. चौथी, घरातील शिस्त. अल्पवयीन मुलाच्या हाती दुचाकी दिल्यास २०१९ च्या सुधारित कायद्यानुसार पालकाला २५ हजार रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. चार वर्षांवरील मुलाला दुचाकीवर नेतानाही शिरस्त्राण आवश्यक आहे.

पाचवी गोष्ट अपघात घडल्यानंतरची. १०८ क्रमांकावर तत्काळ कळवावे. मान वा पाठ दुखावल्याची शंका असल्यास, आग वा अन्य धोका नसेल तर, जखमीला ओढून उठवू नये. वाहता रक्तस्राव स्वच्छ कापडाने दाबून धरावा. मदत करणाऱ्यास पोलिसांचा ससेमिरा लागेल, ही भीती बाळगू नये. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी अशा व्यक्तींच्या संरक्षणाची तत्त्वे बंधनकारक केली आणि २०१९ साली त्यांना कायद्यात स्थान मिळाले. जखमीला आणणाऱ्याकडे कोणतेही रुग्णालय अनामत मागू शकत नाही, त्याला थांबवून ठेवू शकत नाही आणि नाव सांगण्याची सक्तीही करू शकत नाही.

आमच्या फाटकापासून

दुसऱ्यास उपदेश करण्यापूर्वी आम्ही स्वतःकडे पाहिले, तेव्हा आढळले की आमच्याच फाटकालगत कर्मचाऱ्यांची व रुग्णांच्या आप्तांची वाहने अशी उभी असत की औषधाच्या दुकानाकडे जाणाऱ्यास येणारे वाहन दिसत नसे. आम्ही ती जागा मोकळी केली असून तेथे पहारेकऱ्याची नेमणूक केली आहे. आप्तांनी वाहन आतील आवारातच लावावे, ही नम्र विनंती.

त्या वस्तीतील रहिवाशांनी आपला उंचवटा स्वतःच काढून टाकला. त्यांनी रीतसर अर्ज केला, पाठपुरावा केला आणि योग्य मापाचा, रंगवलेला गतिरोधक होईपर्यंत शाळेच्या वेळी आळीपाळीने रस्त्यावर उभे राहिले. तो प्रश्न विचारणारे गृहस्थ त्यांत होते. होय, ते चांगलेच करायला गेले होते. चांगल्या हेतूला योग्य रीतीची जोड लागते, हे त्यांनी आम्हांसही शिकवले.

आपल्या देणगीतून अपघात विभागातील खाट सज्ज राहते, याबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत. ती खाट रिकामी राहावी, यासाठी आपल्या दारासमोरचा कोपरा एकदा अवश्य पाहावा, एवढेच मागणे.