फ्यूज का जातो आणि वायरमनला केव्हा बोलवावे

कापडाचा धंदा करणाऱ्याने विजेवर लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी या गावांतून जो हिंडला आहे त्याला माहीत आहे की आपल्या लोकांचे घर आणि धंदा बहुधा एकाच छपराखाली असतो. खाली माग किंवा दुकान, वर बिऱ्हाड. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, मागे स्वयंपाकघर. अशा जागी वीज बिघडली तर ती नुसती घरातली अडचण राहत नाही, कारण बोर्डाशेजारीच ताग्यांची थप्पी आणि सुताची पोती रचलेली असतात. म्हणून या विषयाला व्यापाराच्या पानावर जागा मागितली आहे.

आपल्यात दोन टोकांची माणसे आढळतात. एकजण साधी ट्यूब बदलायलाही मिस्त्रीची वाट पाहत अंधारात बसतो. दुसरा मेन स्विचचे झाकण उघडून सारा कारभार स्वतःच उरकतो, कारण वायरमनची मजुरी त्याच्या जिवावर येते. या दोघांच्या मधली रेघ कोठे ओढावी? ती कायद्याने फार पूर्वीच ओढून ठेवली आहे. 1956 च्या भारतीय वीज नियमांतील 45 व्या नियमात म्हटले होते की बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच आणि घरगुती उपकरणे बदलणे एवढे काम कोणीही करावे, मात्र त्यामुळे वायरिंगची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये. बाकीचे सर्व काम सरकारी परवाना असलेल्या ठेकेदाराने व परवानाधारक माणसानेच करावयाचे. पुढे 2010 मध्ये आणि नंतर 2023 मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षेचे नवे विनियम आले, तरी हे तत्त्व तसेच राहिले.

'क्षमता किंवा स्वरूप' हे शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावेत. जळालेल्या बल्बच्या जागी बल्ब लावला, काही बदलले नाही. तुटलेल्या प्लगच्या जागी तसाच प्लग लावला, काही बदलले नाही. पण फ्यूजमध्ये जाड तार घातली की क्षमता बदलली. 6 अँपिअरच्या सॉकेटवरून गिझर चालवला, क्षमता ओलांडली. खोलीच्या लाईनमधून नवी तार ओढून माळ्यावर पंखा लावला, स्वरूप बदलले. ही कामे हाताने जमतात की नाही हा प्रश्नच नाही. हात चांगला असलेले कारागीर आपल्यात पुष्कळ आहेत.

जे स्वतः करावयाचे तेही मेन स्विच बंद करून, पायात कोरडी चप्पल घालून आणि टेस्टरने पाहून. एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. घरात इन्व्हर्टर असेल तर मेन बंद केल्यावरही त्याच्या लाईनवर वीज चालूच असते. तो वेगळा बंद करावा लागतो.

फ्यूज काय सांगतो

फ्यूज किंवा एमसीबी वारंवार जाते तेव्हा आपण तिच्यावर चिडतो. ती कच्ची आहे असे ठरवून जास्त अँपिअरची आणून बसवतो, किंवा जुन्या चिनी मातीच्या किटकॅट फ्यूजमध्ये वायरचे तीन-चार पीळ भरतो. मग फ्यूज जाणे थांबते आणि आपले समाधान होते. खरे म्हणजे त्या दिवसापासून फ्यूजचे काम भिंतीतली तार करू लागते. लोड वाढला की आता तीच तापणार आणि तीच वितळणार.

हिशोब अगदी सोपा आहे. उपकरणावर लिहिलेल्या वॅटला 230 ने भागले की अँपिअर निघतात. 1000 वॅटची इस्त्री साधारण सव्वाचार अँपिअर घेते, 2000 वॅटचा गिझर पावणेनऊ. रमजानच्या शेवटच्या अशऱ्यात शिंप्याच्या घरी रात्रभर काम चालते. दोन इस्त्र्या आणि एक गिझर एकाच 16 अँपिअरच्या लाईनवर असतील, तर बेरीज 17 च्या वर जाते. शिलाई मशीनच्या लहान मोटरी आणि दिवे तर अजून धरलेच नाहीत. अशा वेळी एमसीबी पडली तर ती आपले कामच करीत आहे. गिझर बंद करा, पाच मिनिटे थांबा आणि एमसीबी वर करा. यासाठी कोणाला बोलवण्याची गरज नाही. मात्र रोज असे होऊ लागले तर इस्त्रीसाठी वेगळी लाईन हवी आहे, आणि ते काम वायरमनचे.

येथे आपल्या धंद्यातल्या माणसाचा एक गोंधळ होतो. सुतात नंबर वाढला की धागा बारीक होतो; 80 चे सूत 40 च्या सुतापेक्षा बारीक. वायर चौरस मिलिमीटरमध्ये मोजतात, तेथे आकडा वाढला की तार जाड होते. साधारणपणे दिव्यांना 1.5, सॉकेटला 2.5 आणि गिझर किंवा एसीला 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घालतात. वायरमनने सांगितलेला आकडा दुकानात जसाच्या तसा मागावा. आपल्या सुताच्या हिशोबाने पैसे वाचवायला जाऊ नये.

एमसीबी केव्हा पडते यावरून बरेच कळते. ठरावीक मिक्सर लावल्यावरच पडत असेल तर दोष मिक्सरचा. सर्व स्विच बंद, सर्व प्लग काढलेले, आणि तरीही वर करताच पडत असेल, तर दोष वायरिंगमध्ये आहे. एकदा वर करून पाहावे. दुसऱ्यांदा पडली की हात मागे घ्यावा आणि वायरमनला बोलवावे. काही लोक ती बोटाने दाबून धरतात. त्याने काही साधत नाही. आतली कळ सुटतेच.

जे दोष फ्यूजला कळत नाहीत

ताग्यांच्या थप्पीला खरी भीती या दोषांची आहे. सॉकेटच्या आत तारेचा स्क्रू सैल झाला, तर त्या जागी वीज अडखळत जाते आणि उष्णता होते. एकंदर प्रवाह मात्र नेहमीएवढाच असतो, म्हणून एमसीबीला काही कळत नाही आणि ती पडत नाही. याची खूण आपल्या नाकाला व हाताला मिळते. बोर्डातून जळका वास येतो, प्लग काढताना तो गरम लागतो, सॉकेट पिवळट किंवा काळे पडते, स्विचमधून चरचर आवाज येतो, दिवा लुकलुकतो. मागाच्या खोलीत तर सुताचे तंतू उडून बोर्डावर बसलेले असतात, त्यांना पेटायला एक ठिणगी पुरते. यातले काहीही दिसले तर ती लाईन मेनवरून बंद करून वायरमनची वाट पाहावी. 'ईद होऊ द्या, मग बघू' असे करू नये. जुन्या इमारतींत लाकडी पट्टीवरची अ‍ॅल्युमिनियमची तार असेल, तर तिचे जोड आणखी लवकर सैल होतात.

दुसरा दोष शॉकचा. फ्रिजच्या दाराला, पाण्याच्या नळाला किंवा इस्त्रीला हात लावल्यावर मुंग्या येतात. घरातल्या बायका महिनोन्‌महिने हे सांगत असतात आणि आपण 'चप्पल घाल' म्हणून सोडून देतो. याचा अर्थ उपकरणातून वीज गळत आहे आणि तिला जमिनीत नेणारे अर्थिंग नाही, किंवा तुटले आहे. तीन पिनी प्लगमधली लांब आणि जाड पिन याच अर्थिंगची. ती काढून दोन पिनी सॉकेटमध्ये प्लग खुपसण्याची सवय आपल्या दुकानांतही दिसते.

ही गळती एमसीबीला उमगत नाही. 16 अँपिअरची एमसीबी तारेच्या रक्षणासाठी असते. माणसाच्या अंगातून एका अँपिअरच्या दहाव्या भागाएवढा प्रवाह गेला तरी जीव जाऊ शकतो. त्यासाठी आरसीसीबी नावाचे वेगळे उपकरण असते. जाणारी आणि परत येणारी वीज यांत 30 मिलिअँपिअरचा फरक पडला की ते सेकंदाच्या अंशात लाईन तोडते. घरात ते नसेल तर बसवून घ्यावे, आणि असेल तर त्यावरचे टेस्टचे बटन महिन्यातून एकदा दाबून ते पडते की नाही ते पाहावे. पावसाळ्यात ते सारखे पडू लागले म्हणजे कोठेतरी भिंतीत ओल शिरली आहे. काही मिस्त्री अशा वेळी कटकट नको म्हणून ते बाजूला काढून सरळ लाईन जोडून देतात. अशा मिस्त्रीला पुन्हा बोलवू नये.

कोणाला चिकटून शॉक बसत असेल तर त्याला हात न लावता आधी मेन बंद करावा. तो सापडत नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला सोडवावे. आग लागली असल्यास वीज बंद केल्याशिवाय पाणी मारू नये.

वायरमन नव्हे, वीज कंपनी

काही बिघाड आपल्या वायरमनचे नसतातच. घरात अंधार झाला की आधी गल्लीत डोकावून पाहावे. खांबापासून मीटरपर्यंतची जबाबदारी कंपनीची, मीटरनंतरची आपली. एकाएकी काही दिवे फार प्रखर आणि काही मंद झाले, पंखा भरधाव फिरू लागला, तर न्यूट्रल तुटल्याचा संशय घ्यावा. अशा वेळी 230 च्या जागी 300 च्या वरही व्होल्ट घरात येऊ शकतात. तत्काळ मेन बंद करून कंपनीला फोन करावा. महावितरणसाठी 1912 हा क्रमांक आहे. इतरांनी बिलावरचा तक्रार क्रमांक पाहावा. ज्यांनी जनरेटर ठेवला आहे त्यांनी चेंजओव्हर स्विचशिवाय तो घराच्या लाईनला जोडू नये. आपली वीज उलटी खांबावर जाते आणि बंद लाईन समजून काम करणारा लाईनमन मरतो.

वायरमन निवडताना परवाना विचारण्यात संकोच कसला? आपण सुताचा व्यापार करताना नमुना पाहिल्याशिवाय माल उचलत नाही. जुन्या घरात काम काढले असेल तर त्याला मेगरने वायरिंगची आणि वेगळ्या मीटरने अर्थिंगची तपासणी करायला सांगावे. ज्याच्याजवळ नुसता टेस्टर आणि पक्कड आहे तो भिंतीतल्या तारेची अवस्था सांगू शकत नाही. आणि त्याच्याकडून पक्के बिल घ्यावे.

त्या बिलाचा उपयोग आहे. आगीचा विमा असलेल्या दुकानदारांनी आपली पॉलिसी काढून वाचावी. नेहमीच्या आगीच्या पॉलिसीत शॉर्ट सर्किटने जे यंत्र स्वतः जळाले त्याची भरपाई मिळत नाही. त्यातून पसरलेल्या आगीत जळालेल्या मालाची मिळते. त्यासाठी सर्व्हेयर येतो, आगीचे कारण विचारतो आणि कागद मागतो. वायरमनचे बिल आणि तपासणीचा कागद मालाच्या वहीबरोबर ठेवावा, आणि ती वही शक्यतो दुकानाबाहेर दुसऱ्या जागी असावी.