रेणूतले दूरचे शेजारी

शाहूवाडी तालुक्यातील आंबा घाटाच्या बाजूला सदाहरित जंगल आहे. सह्याद्रीतल्या अशा जंगलांत नरक्या नावाचे लहानसे झाड आढळते. त्याच्या फुलांना दुर्गंधी येते, पण त्यात कॅम्पटोथेसिन हे मोलाचे द्रव्य असते. वॉल आणि वाणी यांनी 1966 साली ते एका चिनी झाडातून मिळवून त्याची रचना ठरवली. मुंबईत गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातील गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना 1972 साली तेच द्रव्य आपल्या नरक्यात सापडले. त्यावरून बनवलेल्या टोपोटेकान आणि आयरिनोटेकान या कर्करोगावरील औषधांना 1996 साली अमेरिकेत मान्यता मिळाली. या मागणीपायी नरक्याची बेसुमार तोडही झाली.

कॅम्पटोथेसिनच्या रेणूत पाच कडी आहेत. पाचवे कडे एका ऑक्सिजन अणूने बंद होते. अल्कलीत ते उघडते आणि मग औषधाचा प्रभाव बहुतांशी जातो. 1970 च्या सुमारास रुग्णांवर चाचण्या झाल्या त्या उघड्या कड्याच्या सोडियम क्षाराच्या. गुण थोडा आणि अपाय फार, म्हणून त्या थांबवाव्या लागल्या. तेव्हा आपल्या परीक्षानळीतल्या रेणूचे कडे बंद आहे की उघडे, हा प्रश्न साधा नाही. तो सोडवायचा कसा?

चुंबकीय क्षेत्रात ठेवलेली हायड्रोजनची अणुकेंद्रे रेडिओलहरींना प्रतिसाद देतात. हेच एन.एम.आर. तंत्र. शेजारची केंद्रे बंधांमधून एकमेकांवर परिणाम करतात. त्याला युग्मन म्हणतात आणि ते हर्ट्झमध्ये मोजतात. कोणाचे कोणाशी युग्मन आहे हे नकाशासारखे दोन अक्षांवर मांडण्याची कल्पना जीनर यांनी 1971 साली सुचवली. झुरिचच्या अर्न्स्ट यांनी ती प्रत्यक्षात उतरवली. 1991 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले, त्यात या कामाचा मोठा वाटा होता.

या नकाशावर शेजारशेजारच्या कार्बनांवरील हायड्रोजन सहज जुळतात. मात्र कॅम्पटोथेसिनच्या 20 कार्बनांपैकी 10 कार्बनांवर एकही हायड्रोजन नाही. शिवाय मध्ये नायट्रोजन आणि ऑक्सिजन येतात. साखळी तिथे तुटते. ती जोडण्यासाठी हायड्रोजन आणि दोन-तीन बंध पलीकडचा कार्बन यांच्यातील युग्मन पकडावे लागते. बॅक्स आणि समर्स यांनी 1986 साली त्यासाठी एचएमबीसी ही पद्धत मांडली.

अडचणी दोन होत्या. पहिली अशी की एन.एम.आर.ला उपयोगी पडणारा कार्बन-13 निसर्गात फक्त 1.1 टक्का असतो. म्हणून कार्बनची वार्ता हायड्रोजनच्या ठळक संदेशातून वाचली जाते. दुसरी अडचण म्हणजे हे युग्मन दुबळे असते. थेट जोडलेल्या कार्बन-हायड्रोजनचे युग्मन सुमारे 145 हर्ट्झ, तर दूरचे सुमारे 8 हर्ट्झ.

यावरचा उपाय वर्गात दाखवता येतो. दोन बाकांमध्ये आडवी दोरी बांधा आणि तिला समान लांबीचे दोन लंबक टांगा. एकाला झोका दिला की हळूहळू दुसरा हलू लागतो आणि पहिला थांबतो. आता दोरी अधिक ताणा. लंबकांमधील दुवा दुबळा होतो, आणि झोका पलीकडे जायला जास्त वेळ लागतो. अणुकेंद्रांचेही तसेच आहे. युग्मन J असेल तर थांबायचा काळ 1/2J. 145 हर्ट्झसाठी तो सुमारे 3.4 मिलिसेकंद येतो, 8 हर्ट्झसाठी 62.5. म्हणून एचएमबीसीत सुमारे 60 मिलिसेकंद थांबतात आणि थेट जोड्यांचे संदेश गाळण्याची वेगळी तजवीज करतात. याहून फार थांबून मात्र चालत नाही, कारण तोवर मूळ संदेशच विरत जातो.

आता पाचव्या कड्याकडे वळू. त्यात ऑक्सिजनच्या एका बाजूला दोन हायड्रोजन असलेला कार्बन आहे, दुसऱ्या बाजूला कार्बोनिल कार्बन. कडे बंद असेल तर हायड्रोजन ते कार्बन, कार्बन ते ऑक्सिजन, ऑक्सिजन ते कार्बोनिल असे तीनच बंध मोजावे लागतात, आणि नकाशावर ठिपका उमटतो. कडे उघडले की ही वाट तुटते. उरलेल्या वाटेने पाच बंध पडतात, आणि इतक्या लांबून सहसा काही ऐकू येत नाही.

एक सावधगिरी विद्यार्थ्यांना जरूर सांगावी. युग्मन बंधांच्या कोनांवरही अवलंबून असते. कोन प्रतिकूल असेल तर तीन बंधांवरचा ठिपकाही गळतो. शिवाय ठिपका दोन बंधांचा की तीन, हे तो स्वतः सांगत नाही. म्हणून ठिपका दिसला तर दुवा जवळचा आहे असे धरता येते, पण दिसला नाही म्हणजे दुवा नाही असे म्हणता येत नाही. त्यासाठी दुसरा पुरावा शोधावा लागतो.